नाव मुलीचं, मग चित्र कोणाचं? लेडी पिंकची केस

ग्राफिटीचं, म्हणजे भिंतींवर आणि सबवेच्या (भुयारी रेल्वेच्या) गाड्यांवर स्प्रेने नावं-चित्रं काढण्याचं, कौतुक करताना एक गोष्ट हमखास ऐकवली जाते, की तिथे तुमच्या कातडीचा रंग, घरची परिस्थिती, बाप काय करतो, यातलं काहीच आड येत नाही, रात्री जायचं, नाव लिहायचं, सकाळी गाडी शहरभर हिंडली की लोक ते नाव वाचणार, लिहिणारा कोण हे कोणालाच दिसत नाही. ऐकायला भारी वाटतं. आणि हे खरं धरलं तर मुलींसाठी यापेक्षा सोयीची जागा नव्हती, चेहराच दिसत नाही म्हटल्यावर अडवणार कोण आणि कशावरून? पण न्यूयॉर्कच्या सबवेच्या गाड्या १९७९ ते १९८५ या काळात रंगवणाऱ्या एका मुलीचं प्रकरण नीट बघितलं तर कळतं की खरी अडचण गाडीपर्यंत पोचण्यात होती, आणि त्याहून मोठी म्हणजे काम झाल्यावर 'हे हिनेच केलंय' हे बाकीच्यांच्या गळी उतरवण्यात.

ती म्हणजे लेडी पिंक. खरं नाव सँड्रा फबारा, जन्म १९६४, इक्वेडोरमधल्या अंबातो शहरात, लहानपणीच न्यूयॉर्कला आली आणि क्वीन्समध्ये वाढली. शाळा मॅनहॅटनमधली हायस्कूल ऑफ आर्ट अँड डिझाइन, आणि ही शाळा या केसमध्ये फार महत्त्वाची आहे कारण शहराच्या वेगवेगळ्या टोकांहून येणारी, गाड्या रंगवणारी पोरं इथे एका छताखाली भेटायची, वह्यांमधली स्केचेस एकमेकांना दाखवायची, कोणी कुठल्या लाइनवर काय केलं त्याच्या गप्पा व्हायच्या. ही वही म्हणजे 'ब्लॅक बुक', आधी कागदावर अक्षरं बसवायची, रंग ठरवायचे, मग गाडी. मुलगी असो मुलगा असो, ज्याला ही शाळा मिळाली त्याला ओळखी आयत्या मिळाल्या.

सुरुवात मात्र प्रेमातून झाली. १५ वर्षांची असताना तिच्या बॉयफ्रेंडला पकडलं आणि त्याची रवानगी पोर्तो रिकोला नातेवाइकांकडे झाली, तर हिने विरहात काय केलं, त्याचं नाव जिथे तिथे लिहीत सुटली. गंमत अशी की फिलाडेल्फियात साठच्या दशकात कॉर्नब्रेड नावाच्या पोराने हेच सिंथिया नावाच्या मुलीसाठी केलं होतं आणि तिथून त्याची दंतकथा झाली. त्याच्या कथेत मुलगी फक्त भिंतीवरचं नाव आहे. इथे मुलगी स्वतः मार्कर घेऊन उभी आहे, आणि थोड्याच दिवसांत तो मुलगा गोष्टीतून बाहेर, कारण तोवर हिला लिहिण्याचीच चटक लागलेली.

आता, ही पहिली होती का? अजिबात नाही, आणि हे आधीच सांगून टाकतो कारण 'ग्राफिटीची फर्स्ट लेडी' हे बिरुद तिच्या नावापुढे इतकं चिकटलंय की वाचणाऱ्याला वाटतं आधी सगळी पोरंच होती. टाकी १८३ या टोपणनावाने लिहिणाऱ्या पोराची बातमी न्यूयॉर्क टाइम्समध्ये जुलै १९७१ मध्ये आली, नाव अधिक गल्लीचा नंबर अशी ती पद्धत होती, आणि त्याच सत्तरीच्या सुरुवातीला बार्बरा ६२ आणि ईव्हा ६२ या मुली शहरभर आपली नावं लिहीत होत्या, जोडीनं, आणि पोरांच्या तोडीस तोड. चार्मिन ६५ म्हणून अजून एक होती. जुनी लेखक मंडळी, हो, ते स्वतःला पेंटर म्हणवत नव्हते, रायटर म्हणायचे, तर ती मंडळी ही नावं आजही आदराने घेतात. मग ती आपल्यापर्यंत का नाही पोचली? एक साधं कारण आहे. तेव्हा कॅमेरा घेऊन कोणी मागे नव्हतं. १९७२ मध्ये शहराने ग्राफिटीविरोधी कायदा केला, १९७३ मध्ये गाड्यांचा ताफा नव्याने रंगवून काढला, म्हणजे जे काही होतं ते एका झटक्यात नव्या रंगाखाली गेलं. १९७७ पासून तर कोनी आयलंडच्या यार्डात, म्हणजे आपल्या भाषेत कारशेडमध्ये, गाड्या केमिकलने धुवायची यंत्रणाच सुरू झाली, रायटर मंडळी तिला 'बफ' म्हणायची. फोटो नाही तर पुरावा नाही, आणि पुरावा नाही तर इतिहासात नुसता उल्लेख.

पिंक आली तेव्हा दोन गोष्टी बदललेल्या होत्या. मार्था कूपर आणि हेन्री चॅलफंट हे दोन फोटोग्राफर गाड्यांचे फोटो काढत हिंडत होते. मार्था कूपर ही पेपरची फोटोग्राफर, ती तासन्‌तास एखाद्या मोकळ्या जागी उभी राहून रंगवलेली गाडी पुलावरून जायची वाट बघायची. म्हणजे बघा, मुलींचं नाव टिकण्यात मार्करइतकाच एका बाईच्या कॅमेऱ्याचा हात आहे. आणि दुसरं म्हणजे गॅलऱ्यांना या पोरांमध्ये रस वाटायला लागला होता. त्यावर पुढे येतो.

आधी क्रूमध्ये, म्हणजे एकत्र रंगवणाऱ्यांच्या टोळीत, शिरकाव. एकटीने यार्डात जाणं हा वेडेपणा, कारण तिथले रस्ते, कुंपणाची भोकं, गार्ड कधी फिरतो हे माहीत असलेला माणूस लागतो, आणि हे ज्ञान क्रूच्या आत फिरायचं, बाहेर नाही. टीसी५ नावाच्या क्रूमधली मुलं शाळेतलीच ओळखीची, पण 'मला पण न्या' म्हटल्यावर ती टाळाटाळ करायला लागली. कारणं सगळी आपल्याला ऐकून पाठ झालेली, तुला पळता येणार नाही, तू घाबरशील, तुझी जबाबदारी कोण घेणार, पोलिस आले तर आम्ही आमचं बघू की तुझं. तिने काय केलं तर कटकट. महिनोन्‌महिने. ती स्वतः मुलाखतींमधून हेच सांगत आलीय, की मागे लागून लागून शेवटी त्यांनी नेलं. मला हा भाग सगळ्यात आवडतो कारण इथे हिरोगिरी काही नाही, नुसता चिवटपणा आहे.

'पिंक' हे नाव तिला टीसी५ च्या सीनने दिलं. (या जगात सीन नावाचे दोन जण आहेत, ज्याच्या गाड्या जास्त प्रसिद्ध आहेत तो यूए क्रूचा सीन वेगळा, घोळ करू नका.) नाव मुलीचं आहे हे वाचताक्षणी कळलं पाहिजे, आमच्या क्रूत मुलगी आहे हे शहराला कळलं पाहिजे, असा तो हिशोब. पुढचं 'लेडी' तिने स्वतः लावलं, जुन्या इंग्लंडातल्या सरदार घराण्यांच्या प्रेमकहाण्या वाचायचं वेड होतं तिला, तिथल्या लेडी अमुक लेडी तमुक वरून. आता इथे जरा थांबायला हवं. गाडीवर काहीही लिहिता येत होतं. एखादं पोरासारखं नाव घेतलं असतं तर तिच्या कामाकडे काम म्हणून बघितलं गेलं असतं, निदान अनोळखी लोकांकडून तरी. तिने मुद्दाम उलटं केलं, निनावी राहायची जी एकमेव सोय या धंद्यात होती तीच सोडली.

त्याची किंमत लगेच मोजावी लागली. नाव दिसायला लागलं तशी कुजबुज सुरू झाली, की हिच्यासाठी कोणीतरी दुसराच रंगवतो, ही नुसती बरोबर जाते, आणि बरोबर जाते म्हणजे कशासाठी जाते, त्या अंधाऱ्या बोगद्यात पोरांबरोबर नक्की काय करते वगैरे वगैरे. पोरगा क्रूबरोबर यार्डात गेला तर तो शूर, पोरगी गेली तर तिच्या चारित्र्याची चर्चा, यात न्यूयॉर्क आणि आपलं गाव यात फरक शून्य. आणि अफवा पसरवणारी पण लिहिणारी पोरंच, म्हणजे ज्यांना 'इथे फक्त काम बोलतं' असं म्हणायची हौस होती तीच.

यावर उत्तर काय द्यायचं? तोंडाने सांगून उपयोग नाही. आपले रंगाचे डबे आपणच वाहायचे, कोणाला कुंपण चढायला हात द्या म्हणायचं नाही, आणि वेगवेगळ्या क्रूच्या लोकांबरोबर जायचं म्हणजे समोर उभं राहून रंगवताना बघणारे साक्षीदार वाढतात. तिने टीसी५ बरोबर तर केलंच, द पब्लिक ॲनिमल्स म्हणजे टीपीए बरोबरही केलं. रात्री रस्त्यावरून जाताना पोराच्या वेषात जायची, तेवढ्यापुरतं मुलगी दिसणं परवडणारं नव्हतं. म्हणजे गाडीवर ठळक 'पिंक' आणि गाडीपर्यंत जाताना पोरगा, असा उलटा प्रकार.

आणि काम नुसतं रंग फवारायचं नव्हतं. ते चालायचं लेअपमध्ये नाहीतर यार्डात. लेअप म्हणजे जिथे रात्री गाड्या बोगद्यात किंवा उन्नत मार्गाच्या मधल्या रुळावर उभ्या करून ठेवतात ती जागा. दोन गाड्या शेजारी शेजारी उभ्या, मध्ये जेमतेम माणूस मावेल एवढी फट. आयआरटी या सबवे लाइनच्या गाडीचा डबा ५१ फुटांचा, पण त्या फटीत उभं राहिल्यावर तुम्हाला समोरची हातभर जागाच दिसते, मागे सरकून 'कसं दिसतंय' हे बघायची सोय नाही. वरचा भाग रंगवायचा असेल तर एक पाय या गाडीवर आणि एक पाय शेजारच्या गाडीवर टेकवून वर चढायचं, लहानखुऱ्या मुलीला ते किती अवघड गेलं असेल बघा. अंधारात लाल कुठला आणि नारिंगी कुठला ते आधीच लावून ठेवायचं. रंगाचा डबा हलवला की आतली गोळी खुळखुळते आणि त्या शांततेत तो आवाज केवढा मोठा वाटतो. थंडीत डबा गार पडला की फवारा नीट सुटत नाही. आणि खाली तिसरा रूळ. आपल्या लोकलची वीज डोक्यावरच्या तारेतून येते, तिथे ती जमिनीलगतच्या रुळातून, ६०० व्होल्टच्या वर, त्यामुळे पळताना पाय कुठे पडतो हे सुद्धा ध्यानात ठेवायचं. हे सगळं करून सकाळी गाडी निघणार आणि नशीब असेल तर काही दिवस, नसेल तर त्याच दिवशी बफमध्ये.

पोलिसांची भीती ही काही गंमत नव्हती. सप्टेंबर १९८३ मध्ये मायकल स्ट्युअर्ट नावाच्या २५ वर्षांच्या कृष्णवर्णीय तरुणाला सबवे स्टेशनवर लिहिल्याच्या आरोपावरून पकडलं, पोलिसांच्या ताब्यात त्याची अवस्था अशी झाली की तो कोमातच गेला आणि दोन आठवड्यांच्या आत वारला. 'पोरांचा खोडसाळपणा' असं ज्याला म्हणतात त्याच्या दुसऱ्या टोकाला हे होतं, आणि पिंक त्या वर्षी अजून गाड्या करतच होती.

१९८० मध्ये तिने लेडीज ऑफ द आर्ट्स म्हणजे लोटा हा क्रू काढला, फक्त मुलींचा. लेडी हार्टसारख्या अजून काही मुली त्या काळात लिहीत होत्या, एकदम दुष्काळ नव्हता. पण लोटा पोरांच्या क्रूंइतका गाजला नाही, आणि माझ्या मते त्याचं कारण मुलींमध्ये दम नव्हता असं मुळीच नाही. यार्डाची माहिती, रंगाचे डबे मिळवायचे मार्ग (बहुतेक डबे दुकानातून उचललेले असायचे, त्याला 'रॅकिंग' म्हणायचे), शिकवणारे सीनियर, हे सगळं पोरांच्या क्रूमध्ये वर्षानुवर्षं साठलेलं होतं. मुलींचा वेगळा क्रू काढला की सगळं शून्यापासून, आणि त्यात घरून रात्री बाहेर पडायचं म्हणजे अर्धी लढाई तिथेच. क्रू उभा राहायला एखादी स्टार पुरत नाही, दहा जणी सलग तीन-चार वर्षं टिकाव्या लागतात.

पिंकला मात्र त्याच वर्षी दुसरा दरवाजा उघडला. ऑक्टोबर १९८० मध्ये साउथ ब्राँक्समधल्या फॅशन मोडा या जागेत ग्राफिटीचं प्रदर्शन भरलं, क्रॅश या रायटरने जमवलेलं, आणि त्यात १६ वर्षांची पिंक होती. मग सिनेमा. चार्ली अहर्नच्या 'वाइल्ड स्टाइल'मध्ये, जो १९८३ मध्ये आला, तिने रोझची भूमिका केली, समोर ली किन्योनेस, तो पण खराखुरा नावाजलेला रायटर. आता यातली मेख बघा, सिनेमात रात्री लपूनछपून गाड्या रंगवणारा तो आहे आणि रोझ कायदेशीर म्युरल म्हणजे भित्तिचित्रं करणाऱ्या ग्रुपमधली. प्रत्यक्षात ही बाई त्या वर्षांत स्वतः गाड्यांवर चढत होती. म्हणजे ज्या सिनेमाने तिला जगभर ओळख दिली त्यात सुद्धा धोक्याचं काम पोराच्या वाट्याला आणि समजूतदारपणा पोरीच्या. कथेची गरज असेल, मी समजू शकतो, तरी खटकतं ते खटकतंच.

गॅलरीचा फायदा काय झाला तर कॅनव्हासवर कोणी म्हणू शकत नाही की दुसऱ्याने केलं, सगळ्यांसमोर स्टुडिओत होतं ते काम. १९८२ चं तिचं 'द डेथ ऑफ ग्राफिटी' हे चित्र मला या अख्ख्या केसचा कागदोपत्री पुरावा वाटतं. स्प्रेच्या रिकाम्या डब्यांचा ढीग, त्यावर एक नग्न तरुणी उभी, आणि ती हात करून गाडीकडे दाखवतेय, जिचा रंगवलेला डबा पुढे चाललाय आणि मागून पांढरा कोरा येतोय. आदल्याच वर्षी महापौर कॉच यांनी क्वीन्समधल्या कोरोना यार्डात गाड्या पांढऱ्या रंगवून, दुहेरी काटेरी कुंपण घालून मध्ये कुत्री सोडली होती, म्हणजे तो पांढरा डबा तिने कल्पनेतून काढलेला नाही, घराजवळ रोज दिसणारी वस्तू होती ती. आणि नग्न बाई? शतकानुशतकं चित्रांत नग्न बाया पडलेल्याच आहेत, कोणाच्या तरी नजरेसाठी, इथे ती उभी आहे, पायाखाली हत्यारं तिचीच. बोगद्यात जाऊन काय करते म्हणून जे कुजबुजत होते त्यांना बाई डब्यांच्या ढिगावर कशासाठी उभी राहते ते तिने दाखवलं. असं मला वाटतं, तिने तसं म्हटलंय असं नाही. हे चित्र चित्रकार मार्टिन वाँगने जमवलेल्या संग्रहातून १९९४ मध्ये न्यूयॉर्क शहराच्या म्युझियमला मिळालं.

जेनी होल्झरबरोबरचं कामही याच दिवसांतलं. होल्झर म्हणजे शब्दांत काम करणारी कलाकार, दोघींनी मिळून मोठे कॅनव्हास केले, वाक्यं होल्झरची, स्प्रेचं चित्र पिंकचं. पण लोकांना माहीत आहे तो १९८३ चा फोटो, लिसा कहेनने काढलेला, टाइम्स स्क्वेअरमध्ये पिंक बिनबाह्यांच्या टीशर्टमध्ये उभी आणि छातीवर होल्झरचं वाक्य, की सत्तेचा गैरवापर होतो यात नवल काही नाही. २०१७ मध्ये कलाक्षेत्रातल्या बायकांनी लैंगिक छळाविरुद्ध जाहीर पत्र काढलं तेव्हा हेच वाक्य वापरलं, आणि हा फोटो पुन्हा सगळीकडे फिरायला लागला. बऱ्याच जणांनी तो होल्झरचा टीशर्ट घातलेली कोणीतरी मॉडेल म्हणून फॉरवर्ड केला. म्हणजे हिचं नाव पुन्हा गाळलं गेलं, आणि या वेळी तर फोटोत चेहरा स्पष्ट दिसत असताना.

१९८४ मध्ये फिलाडेल्फियाच्या मूर कॉलेज ऑफ आर्टमध्ये तिचं पहिलं स्वतंत्र प्रदर्शन झालं, त्याच वर्षी सबवे चालवणाऱ्या ट्रान्झिट खात्याने गाड्या साफ ठेवायचा कार्यक्रम जोरात सुरू केला, रंगवलेली गाडी धावूच द्यायची नाही असा नियम. १९८५ नंतर तिने गाड्या सोडल्या. १२ मे १९८९ ला शेवटची ग्राफिटीवाली गाडी सेवेतून काढली. अनेक पोरं इथे संपली, गाडी गेली तर लिहायचं कशावर. पिंककडे कॅनव्हास होता, पुढे नवरा स्मिथ (तो पण रायटर) याच्याबरोबर म्युरलचा व्यवसाय उभा केला, शाळेतल्या मुलांना बरोबर घेऊन भिंती रंगवल्या. तिची चित्रं आज व्हिटनी, मेट्रोपॉलिटन, ब्रुकलिन म्युझियममध्ये आहेत. तिच्यात गुणवत्ता होतीच, पण गुणवत्ता बार्बरा आणि ईव्हामध्येही होती, आणि त्या काही वर्षं आधी लिहायला लागल्या एवढाच त्यांचा दोष, हे मी ठामपणे म्हणेन.

केसचा शेवटचा भाग कोर्टातला आहे. क्वीन्समध्ये लाँग आयलंड सिटीत फाइव्ह पॉइंट्झ नावाची जुनी कारखान्याची इमारत होती, मालकाच्या परवानगीने वर्षानुवर्षं रंगवलेली, पिंकचंही काम तिथे होतं. नोव्हेंबर २०१३ मध्ये मालकाने एका रात्रीत सगळ्यावर पांढरा रंग फासला, १९८२ च्या त्या चित्राची आठवण न येणं कठीण. कलाकार कोर्टात गेलेलेच होते, आणि दावेदारांच्या यादीत पिंक अर्थातच नाही, तिथे सँड्रा फबारा आहे. कायदा असा की चित्राला मान्यताप्राप्त दर्जा आहे हे सिद्ध करायचं, म्हणजे तज्ज्ञांच्या साक्षी, फोटो, प्रदर्शनांचे दाखले, प्रत्येक चित्राची वेगळी फाइल. ज्या बाईला १५-१६ व्या वर्षापासून 'हे मीच केलंय आणि ते चांगलं आहे' हे सिद्ध करत बसावं लागलं तिला यात नवीन काहीच वाटलं नसणार. फेब्रुवारी २०१८ मध्ये न्यायाधीशांनी ४९ पैकी ४५ चित्रांसाठी प्रत्येकी दीड लाख डॉलर, एकूण साडेसदुसष्ट लाख डॉलर भरपाई ठरवली, अपिलात ती टिकली आणि ऑक्टोबर २०२० मध्ये सुप्रीम कोर्टाने मालकाचा अर्ज ऐकायलाही नकार दिला. त्या जागी आता दोन टॉवर आहेत, महागड्या भाड्याच्या घरांचे, आणि मालकांनी नाव मात्र तेच ठेवलंय, फाइव्ह पॉइंट्झ, कारण विकायला तेच नाव लागतं ना.